केशवने विचारलं होतं

धंतोली, नागपूर
१२ नोव्हेंबर १९८३

प्रिय वच्छला,

अनेक आशीर्वाद. सावनेरला सगळे बरे असतील. मी बरी आहे असं लिहिणार होते, पण मोठ्या बहिणीच्या दोन पत्रांना उत्तर न देणारीशी एवढी सभ्यता कशाला?

माझ्या तक्रारीमुळे तुझ्या केशवची लॅबमधली नोकरी गेली, मान्य. पण मी करायचं काय? गळ्यावर यंत्र लावणारे डॉक्टर म्हणाले, थायरॉइड जादा काम करते. केशवच्या रक्ततपासणीत आलं, कमी. दुसऱ्या डॉक्टरांनी 'कमी' धरून गोळ्या दिल्या आणि माझी छाती अशी धडधडायला लागली की कपातला चहा बशीत सांडायचा. मग केला अर्ज!

परवा केशव आला. "मावशी, खरं सांग. रक्त द्यायच्या आधी तुले कुठं आयोडीन पाजलं होतं काय?"

"यंत्र लावायच्या आदल्या दिवशी. पाण्यासारखं काहीतरी."

ते पाणी म्हणे किरणं सोडणारं. याची तपासणीही किरणंच मोजते, त्यात माझ्या रक्तातलीही मोजली गेली. आणि मोजणी जास्त आली की हार्मोन कमी निघतं. जास्त म्हणजे कमी! सव्वीस वर्षं गणित शिकवलं, तरी हे डोक्यात शिरत नाही.

"मग मला नक्की झालंय काय?"

"गोळ्या बंद कर, डॉक्टरले सांग. किरणं उतरू दे, मंग पुन्हा रक्त काढू." जाताना फक्त म्हणाला, "मी विचारलं होतं ना वं, मावशी."

विचारलं होतं, वच्छला. सुई टोचायच्या आधीच. मी म्हटलं, "काही घेतलं नाही. उलटतपासणी पुरे." आणि त्याच्या कागदावर सही केली. गळ्यातली गाठ कॅन्सरची असेल असं मला वाटत होतं. त्याला कळतं तर संध्याकाळपर्यंत तुला कळलं असतं, तू धावत आली असतीस, आणि तुझ्यासमोर मला रडू आलं असतं.

आज लॅबच्या मालकांना लिहून दिलं, खोटं मी बोलले. म्हणाले, जागा भरली, बघू. बघू म्हणजे हो की नाही, तेही मला कळत नाही. सोमवारी पुन्हा जाऊन त्यांच्या बाकावर बसणार आहे, उठवेपर्यंत.

केशवला बोल लावू नकोस. मला लाव, पण इथे येऊन.

भ्यालेली आणि अपराधी,
तुझी ताई
कौसल्या