बॉनेटखालची शिट्टी

प्रिय तेन्हो,

लिहितेय तुझी बहीण सोइन्तू, बोलतेय मी. तिला बजावलंय, तोंडून निघेल ते सगळं उतरव, शिव्यांसकट. आजीला अक्षर येत नाही म्हणून पत्र परस्पर गोड करायचं नाही.

तिकडे तुर्कू शहरात तुला काम मिळालं हे कळलं. जेवतोस का, ते कुणी सांगत नाही. इथे बर्फ वितळून अंगणात चिखल झालाय, आणि त्यात उभी आहे तुझ्या बापाची लाडकी, तुझ्याच वयाची टर्बो गाडी. महिनाभर मिसफायर करतेय, मधेच एखादा सिलिंडर पेटायचाच राहतो. उभ्या उभ्या थरथरते, चढावर असा आचका देते की माझी कवळी हलते. तुझ्या बापाने, राइनरने, प्लग बदलले, कॉइल बदलली, एकेका सिलिंडरची वायर काढून पाहिली. पूर्वी आठवतं ना, गाडी फाटकातून आत यायच्या आधीच हा खुर्चीतून सांगायचा, कुठला सिलिंडर रुसलाय ते. आता बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहतो आणि हात पुसत म्हणतो, "आई, हिचं काही कळत नाही."

परवा मी त्याला कॉफी द्यायला गेले. इंजिन चालू होतं, आणि आत किटलीसारखी बारीक शिट्टी वाजत होती. म्हटलं, "अरे, शिट्टी वाजतेय की!" हा ढिम्म. मग मखमली घागरा सावरत (आपल्या बायकांचा तो घागरा गाडीच्या टायरपेक्षा जड) मीच वाकले. आवाजामागे बोट नेलं, तर खालच्या अंगाला एक रबरी नळी चिरलेली, तिथून हवा ओढत होती. चिमटीत दाबली तशी शिट्टी बंद, आणि गाडी शहाण्या बाळासारखी एका लयीत. राइनरला ते कळलं मडगार्डवर ठेवलेल्या हाताने. "काय केलंस आई?" म्हणून बघतच राहिला.

शिट्टी त्याला ऐकूच आली नव्हती की काय, बघावं म्हटलं. त्याच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "राइनर, घराला आग लागलीय." त्याने माझ्याकडे पाठ ठेवूनच नळी सोडवायला घेतली.

तेन्हो, तू घर सोडलंस त्या सकाळी मी पायरीवर बसले होते. आदल्या दिवशी तू बापाला म्हणाला होतास, ही गाडी आणि तुम्ही, दोघंही भंगारात जा. आपल्या लोकांत बापाची माफी मागायची तर मान खाली, आवाज खाली. तूही तशीच मागितलीस, त्याच्या पाठीमागे उभा राहून, इंजिन चालू असताना. तो वळला नाही. तू बॅग उचललीस. मलाही वाटलं, काय दगड आला माझ्या पोटी!

त्याला ते ऐकूच गेलं नाही रे. तो अजून तुझ्या एका शब्दाची वाट बघतोय. आणि कानाचं तो कुणाला सांगायचा नाही. डॉक्टरचं नाव काढलं तर जंगलात जाऊन बसेल. म्हणून हे पत्र. घरी ये. त्याच्या समोर उभा राहा, मान वर कर, डोळ्यांत बघ आणि ओरडून माफी माग. लोक म्हणतील, काय उद्धट पोरगं. म्हणू देत. या घरात सगळ्यांत मोठी मी, आणि तुला परवानगी मी देतेय. नळीला सध्या टेप गुंडाळलीय. नवी तू घेऊन ये.

तुझीच,
अजून सगळं ऐकू येणारी आजी