टेकडीवरची अकरा घरं

रविवार, ४ फेब्रुवारी
शझा! शझा! शझा! आज कामाच्या आठवड्याचा पहिलाच दिवस, आणि ऑफिसात दुसरं नाव नाही. चार महिने नाही झाले येऊन, आणि नव्या आराखड्यासाठी अख्खी टेकडी कॉम्प्युटरवर उभी केली — चढ, जिने, गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्यासुद्धा. माउस फिरवला की अम्मान फिरतं. अबू कुतैबा सर खुर्ची ओढून तिच्याशेजारीच बसले. मला म्हणाले, "रुदैना, बघ. शिक जरा!"
मी शिकू? चौदा वर्षं या टेकड्या पायांनी मोजल्या, नकाशे काढले!

सोमवार, ५
तिनं मैरमियाची सुगंधी पानं घातलेला चहा आणून दिला. तोही फक्कड. संताप!

बुधवार, ७
ती जेवायला गेली तेव्हा तिचं मॉडेल उघडलं. नुसतं बघायला. वरच्या जिन्यामागे तिनं बाग आखलीय. अगं, तिथे घरं आहेत — अकरा! गेल्या वर्षीच नळांच्या कामाला गेले होते, तेव्हा पाहिलीत.
ती परत आली. "काही हवं होतं का, ताई?"
"छे!"
मंगळवारी रहिवाशांची बैठक. आपटू दे तोंडावर.

मंगळवार, १३
आपटली.
टेकडी पडद्यावर गरागरा फिरली, लोक खूश. मग त्या अकरा घरांतली म्हातारी उम्म झुहैर काठी टेकत पुढे आली. पडद्याला नाक लावून शोधत राहिली.
"पोरी, माझं घर कुठंय गं?"
शझानं माउस फिरवला, पुन्हा फिरवला.
"इथे झाडं लावलीत... म्हणजे आमचं पाडणार? आणि आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही!" म्हातारी फरशीवरच बसली. मग नुसता गोंधळ. सर सगळ्यांदेखत शझावर खेकसले, "एवढंही तपासलं नाहीस?"
"माझी चूक," ती म्हणाली. बस, एवढंच.
उम्म झुहैरला घरी मी सोडलं. आनंद व्हायला हवा होता ना?

बुधवार, १४
शझाला काढलं. टेकडी माझ्याकडे आली.

गुरुवार, १५
मॉडेलमध्ये ती अकरा घरं भरायला बसले. बागेसाठी ती जागा मोकळी धरली कशावरून, ते उघडून पाहिलं. पाच वर्षांपूर्वीची पाहणी. माझी. गुडघा दुखत होता म्हणून वरचा जिना न चढताच लिहून टाकलं होतं — 'मोकळी जागा'.
खाली शझाची टीप, ऑक्टोबरची: "रुदैनाताईंची पाहणी आहे. तपासायची गरज नाही."