बायकोच्या नावाचं पेप्टाइड

३ मार्च
जमलं. कॉम्प्युटरवर रचलेलं माझं पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा इवलासा तुकडा, काल जंतूंवर टाकलं. कुठल्याही औषधाला दाद न देणारे जंतू, पण आज बघतो तर थेंबाभोवती साफ मैदान, एकही जंतू जिवंत नाही. बायकोचं नाव दिलं त्याला. रुसवा निघेल. पंधरा तारखेच्या मीटिंगनंतर लॅबचे सर मी आणि शेजारच्या टेबलावरची, आमच्या दोघांतल्या एकालाच कायम करणार. मी निर्धास्त.

५ मार्च
पेप्टाइड पाण्यात विरघळत नाही, म्हणून ॲसिटिक ॲसिडमध्ये, म्हणजे व्हिनेगरमधल्याच ॲसिडमध्ये, विरघळवतो. तर शेजारच्या टेबलावरची शंकाबाई (नाव मी ठेवलंय) विचारते, नुसत्या ॲसिडचा थेंब टाकून पाहिलात का. म्हटलं, बघू. हिला पिपेट धरायला मी शिकवलं.

७ मार्च, सकाळ
संकल्प: आज नुसत्या ॲसिडची कंट्रोल प्लेट, म्हणजे तुलनेसाठी जंतूंची वेगळी बशी, करायचीच.

संध्याकाळ
प्लेटा संपल्या होत्या. एक होती, ती फोटोसाठी ठेवली. शिवाय कंट्रोल म्हणजे स्वतःच्या पोरावर संशय घेणं.

१० मार्च
शंकाबाईचं पुन्हा तेच. जळते, दुसरं काय. बायकोला म्हटलं, नव्या घराचे पडदे बघून ठेव. ती म्हणाली, आधी नोकरी कायम झाल्याचं पत्र हातात येऊ दे.

१५ मार्च
घात झाला. सरांनी विचारलं, कंट्रोल केला ना? मी हो म्हटलं. शंकाबाईनं मान खाली घालून एक प्लेट पुढे सरकवली. नुसतं ॲसिड. तेच साफ मैदान, माझ्यापेक्षा जरा मोठंच. सर म्हणाले, व्हिनेगर दुकानात मिळतं.
ती म्हणते, हेच सांगायला सकाळपासून फोन करत होते. खरंच करत होती. मी उचलला नाही, भाषणाचा सराव करत होतो.

१६ मार्च
शंकाबाई कायम. हाताला धरून शिकवलं, तिनंच केसानं गळा कापला. जेवण गेलं नाही. फार लागलंय मनाला.

१७ मार्च
संकल्प: तिला खोटं पाडायचं. ॲसिड पूर्ण काढून टाकलं, नुसतं पेप्टाइड पाण्यात ढवळून तसंच गढूळ जंतूंवर घातलं.

१८ मार्च
प्लेट उघडली. बाकी ठिकाणी जंतू बेताचे. माझ्या थेंबाभोवती मात्र खाऊनपिऊन बाळसं धरलेले. ज्यांच्यासाठी दोन वर्षं रक्त आटवलं, तेही फितूर.
बायकोला फोटो दाखवला. वाटलं, निदान ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. तिनं फोटो मोठा करून नीट पाहिला. म्हणाली, नाव अगदी बरोबर ठेवलंस. माझ्या हातचं खाऊन आजवर कोणी मेलेलं नाही.