रीतीप्रमाणे भाव

ता. १४ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून काही वाईट बातमी असेल असं वाटलं असेल, तर आधी सांगते, सगळे जिवंत आहेत. छप्पर गळायचं थांबलं. कारखान्यात माझं शिवणकाम चालू आहे, आणि आमची मुकादमीण अजून शिंकलं तरी पगार कापते.

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात तर उरलीसुरली नजरही जाईल. बारीक काम आजपासून बंद. आई म्हणाली, "पैशाचं काय घेऊन बसलात? माझी लेस आहे ना." तीच, तुझ्या लग्नाच्या ओढणीसाठी केलेली. तू मात्र दुकानातली लावून उभी राहिलीस. जाऊ दे, तो विषय आज नको.

लेस घेऊन मी जुन्या कापडांच्या व्यापाऱ्याकडे गेले. आजीच्या वेळची रीत तुला ठाऊक आहे. लेस टेबलावर पसरायची, या काठापासून त्या काठापर्यंत चांदीची नाणी मांडायची, आणि मावतील तेवढी लेस करणारीची. आम्ही राहतो त्या दोन खोल्या आजीनं एका लेसच्या नाण्यांत बांधल्या.

व्यापारी म्हातारा, त्यालाही रीत माहीत. भिंग लावून त्यानं सगळी लेस पाहिली. "काम फार सुरेख आहे बाई, पण आता गिऱ्हाईक मशीनचीच मीटरवर नेतं. रीतीप्रमाणे म्हणाल तर देतो," म्हणाला, आणि गल्ल्यातली आजची नाणी काढून खरोखरच मांडायला लागला. तो थट्टा करत नव्हता, हेच जास्त लागलं. मांडून झाली तेव्हा त्यात जेमतेम चपलांचा एक जोड आला असता. मी लेस गुंडाळून परत आणली. माझ्या कपाटात स्वेटरखाली आहे.

घरात पाय ठेवला तोच आईनं विचारलं, "नाणी मांडली का गं?"

"मांडली."

"या काठापासून त्या काठापर्यंत?"

"हो."

शब्द खरे होते, पण मी खोटं बोलले, ताई. तिचा चेहरा असा फुलला की पुढचं सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, खुशीत निमूट ऑपरेशनला येईल. पैसे मी कारखान्यातून उचल घेऊन भरलेसुद्धा.

झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी बघते तर आई खिडकीत नवी लेस विणायला बसलेली, मांडीवर उशी, तीत टाचण्या खोचलेल्या, दोऱ्याची लाकडी रिळं खुळखुळताहेत. डोळे लाल, पाणी गळतंय. ऑपरेशन तिनं परस्पर पुढे ढकललं होतं. म्हणाली, "ते काय पळून जातंय? एवढा भाव अजून असताना हातावर हात धरून बसू? ही थोरलीला. तिला वाटलं, आईच्या कामाला किंमत नाही. आता बघू दे."

मी उशी लपवली तर तिनं अबोला धरला, जेवलीही नाही. शेवटी मीच काढून दिली. परवा टाचणी बोटात घुसली. रक्त दोऱ्याला लागलं, तेही तिला दिसलं नाही. मला भीती वाटते.

खरं सांगितलं तर ती उशी तिथल्या तिथे खाली ठेवेल, हे मलाही कळतं. पण मग ऑपरेशनसाठी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. "आता बघायचं तरी कशासाठी?" असं म्हणून मोकळी होईल. तुला ती माहीत आहे.

म्हणून लिहिते. तू ये, आणि तिच्याकडे ती जुनीच लेस माग. नवी नको, तीच हवी म्हण, म्हणजे ती उशी खाली ठेवेल आणि ऑपरेशनलाही येईल. मी कपाट उघडीन, विकल्याचं नाटक का केलं म्हणून तिच्या शिव्याही खाईन. पण मनापासून हवी असेल तरच ये. आपल्या दोघींचं खोटं तिच्याच्यानं सोसायचं नाही. नको असेल तर दोन ओळी टाक, मग व्यापाऱ्यानं काय मांडलं ते मीच तिला सांगेन.

फार विचार करत बसू नकोस. ती उजाडल्याबरोबर कामाला बसते.

तिला थांबवायचं कसं हे तुलाच विचारणारी,
तुझी धाकटी