करगोट्याखालचा पाहुणा

राजमान्य राजश्री सुभेदार वीरधवल दाजी यांना, कडेगावच्या डोंगराखालून तुमच्या लालासाहेबाचा कमरेत पुरता वाकून नमस्कार. (इतके दिवस मानसुद्धा वळत नव्हती, तेव्हा हा नमस्कार ताजा आहे, शिळा समजू नये.) इकडं आम्ही सगळे, जित्राबं धरून, आता खुशाल आहोत. तिकडं इस्लामपुरात तुमची तब्येत कशी आहे? हे रीत म्हणून विचारत नाही. बनूचा फोन आला होता. माझी बहीण एरवी फोनवर भावाला तोंड उघडू देत नाही, काल मात्र नुसती मुसमुसत होती. तुमचं अंग तापलंय, डोकं ठणकतंय, आणि दवाखान्याचं नाव काढलं की तुम्ही म्हणता, "बर्फात उभा ऱ्हायलेला गडी हाय मी, असल्या तापाला भीक घालत न्हाई." बरं. जावयापुढं बोलायची आमच्या घरात पद्धत नाही, आणि फोन तुम्ही बंदच करून ठेवलाय. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच "आवं, ऱ्हाऊ द्या" म्हणून तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. तेव्हा माझ्या दुखण्याची हकीकत तेवढी ऐका, करमणूक म्हणून.

तुम्ही बनूला घेऊन आला होता तो दिवस आठवा. उसाला तोड आली होती आणि तोडकऱ्यांनी हाक मारली, सरीत चितळाचं पाडस बसलंय. वनखात्याच्या बिराप्पाला फोन लावला, तर तो ओरडला, "हात लावू नगा, तसंच सोडा, आई येतीया त्येची!" पण तोवर हात लावून झाला होता. मी डोकं धरलेलं, तुम्ही पोट, बारशाला दोन आत्यांनी एकच बाळ धरावं तसं. (बाटलीनं दूध पाजायचा विचार तुमचा होता, सांडलं माझ्या धोतरावर.) पुतण्या जयराजनं फोटो काढला. मग पाडस सरीत ठेवून आपण बांधावर दबा धरून बसलो. दिवस कलताना पाचट वाजलं आणि ती उभी! कान हलेना, डोळा हलेना. तोफा ऐकून झालेल्या तुमच्यासारख्या माणसानं श्वास धरला, मी पाहिलं. पाडस उठलं, लडखडलं, आईच्या पोटाखाली गेलं, आणि पाण्यात खडा टाकल्यावर पाणी मिटावं तसा ऊस मिटला. घरी येईपर्यंत आपण दोघं कुजबुजतच बोललो. (आपल्या सोयरिकीत हे पहिल्यांदाच.)

पुढं तुम्ही गेलात आणि मला ताप आला. साधासुधा नाही, वर भाकरी टाकली असती तर फुगली असती. आमच्या कारभारणीनं मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या, त्यांचा खाट येऊन कुणाला ठसका लागला नाही, म्हणून तिनं ठरवलं की हरणीचीच नजर लागली. (आता वाटतं, ती पुष्कळ जवळ पोचली होती.) शेजारच्या नानासोंनी उसाच्या रसावर ठपका ठेवला. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं, त्यानं एवढंच झालं की पडल्या पडल्या वर बघायला काहीतरी मिळालं. शेवटी कराडला नेलं. तिथं डेंगी नाही, मलेरिया नाही, टायफॉइड नाही. प्रत्येक कागदावर 'नाही' वाचून मी तरी आहे की नाही, अशी शंका यायला लागली.

तिथली डॉक्टरीणबाई म्हणजे सांगलीकडची ब्राह्मी मगदूम, आमच्या नातीच्या वयाची. पोटावर मशीन फिरवायचं तर करगोटा मध्ये आला. तुम्हाला ठाऊकच आहे तो, बनूनं हौसेनं आपल्या दोघांना एकसारखा वळून दिलेला जाड काळा गोफ, कमरेत चांगला रुतलेला. गाठ काही सुटेना. बाईंनी कात्री घेतली, आणि आमच्या कारभारणीनं जी आरोळी ठोकली ती कोयनेच्या पलीकडं गेली असेल. "आगं बाई! धनी जित्ता हाय न्हवं माजा! जित्त्या माणसाचा करगोटा कोण तोडतं व्हय?" तोवर कचकन आवाज झालाच. बाहेर नानासो दाराला कान लावून उभे. त्यांनी ढसाढसा रडत गावात फोन केला, "करगोटा तोडला रं लालासायबाचा!" आपल्याकडं ह्यापुढं कुणी काही विचारत नाही. तो तोडायची वेळ एकदाच येते. मी इकडं मशीनखाली गार जेलीनं शहारतोय, आणि तिकडं गावात शेणी रचायला घेतल्या, बांबू आला. जयराजनं तर श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापायला टाकला. ("तात्यांचा हसरा फोटो दुसरा नव्हताच," असं तो नंतर म्हणाला. म्हणून त्यानं पाडसासोबतचा वापरला.)

पण दाजी, गोष्ट खरी इथून पुढं आहे. करगोट्याखाली, अगदी बेंबीच्या रेषेत, एरंडाच्या बीसारखी फुगलेली गोचीड निघाली. जन्मभर बैलांच्या गोचिड्या काढणारा मी, आणि माझ्याच कमरेला पाहुणी उतरलेली मला कळली नाही. खाजत होतं, पण करगोटा खाजतोच की. कारभारणीनं रॉकेल मागितलं, उदबत्तीचा चटका सुचवला. बाईंनी दोन्हीला नको म्हणून बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून हळूच उपसली. म्हणाल्या, चावताना ही लाळेनं जागा बधिर करते, म्हणून चाहूल लागत नाही. माझ्या रक्ताची काच तपासायला गेली आणि थोड्या वेळानं मलाच आत बोलावणं आलं. "आजोबा, बघायचंय?"

मी दुर्बिणीला डोळा लावला. काय सांगू! माझ्याच रक्ताचं आभाळ, त्यात लालसर नाणी पसरल्यासारखी, आणि मध्ये एक पांढरी पेशी. ती पेशी म्हणजे अंगातला शिपाई, बाई म्हणाल्या. त्या शिपायाच्या पोटात तुतीच्या फळासारखा जांभळा घोस. ते जंतू. ॲनाप्लाझ्माच्या जातीचे असावेत, पक्कं पुण्याहून कळेल, माणसात इकडं फारसं कुणी शोधत नाही, पण गोळ्या आत्ताच सुरू करू, असं त्या म्हणाल्या. मला पुढचं ऐकूच आलं नाही. दाजी, तुम्ही फौजेतले. शत्रू वेशीवर येतो, खंदकात येतो. हा थेट चौकीत शिरून शिपायाच्याच ताटात जेवायला बसलेला! डोळ्याला दिसत नाही एवढं बेणं, गोचिडीच्या पोटात बसून हरणावर स्वारी करतं. हरणाला बहुतेक वेळा काही होतही नाही, ते पालवी खात हिंडतं. आणि तिथून हे उतरून कडेगावच्या लालासाहेबाच्या कमरेपर्यंत येतं. डोंगर, हरीण, ऊस, गोचीड, मी, सगळे एकाच दावणीला बांधलेले, आणि मी आजवर समजत होतो की दावं माझ्या हातात आहे. मी त्या काचेला हात जोडले. बाई हसल्या नाहीत. त्यांनीही परत एकदा डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

तेवढ्यात जयराजनं फ्लेक्सचा नमुना मजकूर तपासायला म्हणून माझ्याच फोनवर धाडला. (मयताकडून शुद्धलेखन तपासून घेणारा आमचा पुतण्या.) 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली मी हसतोय, मांडीवर पाडस, आणि कडेला पाडसाच्या पोटाखाली आणखी एक हात, मनगटावर फौजेचं घड्याळ. बाईंनी फोटो मोठा करून बघितला. त्यांचा चेहरा उतरला. "आजोबा, हा दुसरा हात कुणाचा?" मी काय सांगितलं ते इथं लिहिणं बरं दिसत नाही.

असो. गोळ्या सुरू झाल्यावर घाम फुटून ताप उतरला, काल मी दीड भाकरी खाल्ली. पोराबाळांना आशीर्वाद, म्हातारीला दंडवत, लोभ आहेच.

तुमचाच,
लालासाहेब

ता. क. मी सांगितलं, "आमच्या दाजींचा." बाई म्हणाल्या, त्यांना ताप असेल तर वाट बघू नका, आजच आणा. उशीर झाला तर हा ताप माणूस नेतो. दाजी, जावयाला मी आजवर काही मागितलं नाही. आज मागतो. या.

पुन्हा ता. क. पत्र घेऊन आलेला कृष्णात जीप चालूच ठेवून दारात उभा आहे. त्याला चहा पाजून वेळ काढू नये, तो मला सगळं सांगतो.

आणखी एक. फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. छपाई चांगली झाली आहे, नाव नि फोटो तेवढा बदलावा लागेल. ते काम माझ्याकडून करून घेऊ नका, माझ्यानं व्हायचं नाही.

शेवटचं. सोबत पुडीत नवा करगोटा आहे, तुम्ही बरे झालात की बनूच बांधेल. तुमच्या जुन्याची गाठ सुटणार नाही हे तिला ठाऊक आहे, तिनंच मारलेली. ती आत्ता कात्री घेऊन तुमच्या मागं उभी आहे. सुभेदार, हात वर करा.