आवाजासमोरची खूण

प्रिय सेरवा,

या पाकिटात दोन वस्तू आहेत. एक डीव्हीडी आहे, तिच्यावर तुझ्या बाबांचं नाव आणि पासपोर्टवरचा फोटो छापला आहे. दुसरी वस्तू औषधाच्या छोट्या डबीत, कापसात ठेवली आहे. ती डबी हे पत्र वाचून होईपर्यंत उघडू नकोस. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघी रडतो आणि मग लाइन तुटते. त्वुमासीची बायको तुमच्या हॅम्बुर्गला परत निघाली आहे. तिच्या हाती देते.

तू विचारलं होतंस, कोण कोण आलं होतं. सगळं कोनोंगो गाव आलं होतं. ज्यांच्या ज्यांच्या घरची लग्नं आणि मयतं बाबांनी शूट केली होती, ते सगळे. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा शाळेतून बाकं आणली, तीही कमी पडली. तुझी आत्या सगळीकडे फिरत होती आणि प्रत्येकाला ओरडत होती. मला म्हणाली, "रडायला जन्म पडलाय, आधी बस, पाय बघ कसे सुजलेत तुझे." तुझ्याबद्दल सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं, तिचे तिकडे राहायचे कागद अजून हातात आले नाहीत, आत्ता निघाली असती तर परत जाता आलं नसतं. कोणी नावं ठेवली नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या नावाने त्यांच्यावर घालायचं कापड दिलं मी. ते त्यांच्या छातीवर होतं.

शूटिंग न्तिमने केलं. तोच न्तिम, ज्याचं नाव घरात निघालं की बाबा जेवता जेवता थांबायचे. आयुष्यभर दोघांनी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली. तो दोन कॅमेरे घेऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, आज पैशाची गोष्ट काढलीत तर मी कॅमेरे घेऊन घरी जाईन." मग बाबांबद्दल म्हणाला, "मास्टर असते तर म्हणाले असते, न्तिम, तुझा हात थरथरतोय." थरथरत होता खरंच. डीव्हीडीत तुला दिसेल.

अंत्यविधीच्या आधी तो आपल्या दुकानात आला होता. पडद्यावर दाखवायला बाबांचं काहीतरी चित्रण हवं होतं. चालताना, बोलताना, नाचताना, काहीही. आम्ही दोघांनी सगळ्या डिस्क काढल्या. सेरवा, त्यांनी या गावातली सगळी माणसं टिपली, आणि ते स्वतः कशातच नाहीत. एका लग्नात काचेच्या दारात कॅमेरा धरलेला एक माणूस दिसतो, पण तोंड कॅमेऱ्याआड. एका ठिकाणी भिंगापुढे अंगठा येतो. एका मयतीत दुपारच्या वाळूवर त्यांची सावली पडली आहे, खांदा एका बाजूला उचललेला, जसा ते उचलायचे. न्तिमने ती सावली पडद्यावर लावली. आधी कोणाला कळेना. मग मागच्या बाकावरून एक म्हातारी ओरडली, "अगं, हा तर आद्दाई!" आणि मंडपात जे रडणं उठलं, ते कितीतरी वेळ थांबलं नाही.

त्याच आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "फोटो नको आई, मला बाबांचा आवाज पाठव." मी हो म्हणाले होते. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण जरा मागून सुरुवात करावी लागेल.

तू शाळेत असताना नेहमी चिडायचीस की संगणक कधी मोकळा नसतो. विचारायचीस, "आई, काय करतेस?" मी म्हणायचे, "वाट बघते." ते खरंच होतं. माझं अर्धं काम वाट बघण्याचं होतं. बाबांनी नवा एचडी कॅमेरा आणला तेव्हा ते महिनाभर त्याच्यावर हात फिरवत बसले होते, पण त्यातलं चित्रण आपल्या जुन्या संगणकाला झेपेना. त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. हा कॅमेरा सगळं घट्ट बांधून कार्डात भरतो. एक चित्र पूर्ण ठेवतो, आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच ठेवतो. बाई उभी आहे, मागे भिंत आहे, हे पुन्हा सांगत नाही. हात हलला, एवढंच सांगतो. ते उलगडता उलगडता संगणक दमायचा आणि नाचणारी बाई एका पायावर उभीच राहायची. म्हणून कापाकापी करण्याआधी मी सगळं साध्या, सुट्या रूपात बदलून घ्यायचे. त्याला जागा जास्त लागते, पण यंत्राला ते सोपं जातं. रविवारी दुपारी लावायचं, मध्ये लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळात मी कसाव्याचे कंद सोलायचे, रस्सा शिजवायचे, तुझी वेणी घालायचे.

हल्ली घर मला तसंच दिसतं. भिंत तीच, खुर्ची तीच. फक्त काय बदललं तेवढंच दिसत राहतं.

चित्रण बदलून देणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये 'आवाज' असं लिहिलेली एक चौकट आहे. तिच्यात खूण केली की चित्रासोबत आवाजही बदलून मिळतो. सुरुवातीला मी खूण करायचे. पण आपल्या संगणकावर आवाज चित्राच्या मागे पडायचा. पाद्री तोंड मिटून खाली बसलेले आणि त्यांची प्रार्थना अजून चालू. गिऱ्हाइकं आधी हसायची, मग भांडायची, आणि त्या डिस्क आवाज काढून पुन्हा कराव्या लागायच्या. शिवाय माइकला सगळ्यात जवळ बाबाच. त्यांचं खाकरणं, त्यांचं गुणगुणणं, "मावशी, रडा, मनसोक्त रडा, पण जरा उजेडाकडे तोंड करून." एकदा एका गावच्या चीफची शवपेटी दिसत असताना मध्येच त्यांची शिंक ऐकू आली होती. मग आम्ही दोघांनी ठरवलं, कॅमेऱ्याचा आवाज घ्यायचाच नाही. भाषणं आणि प्रार्थना लाउडस्पीकरवाल्या बादूच्या यंत्रावरून वेगळ्या घ्यायच्या, बाकी सगळीकडे गाणी घालायची. काम सोपं झालं. चौकटीतली खूण मी काढली, ती पुन्हा केली नाही. बदलून झालं की कार्ड पुसायचं, कारण शनिवारी दुसरं मयत असायचं. सगळे तसंच करतात. न्तिमही तसंच करतो.

तेव्हा तुला कळलं असेल की कपाटभर डिस्क असूनही आपल्याकडे त्यांचा आवाज का नाही. मलाही वाटलं, ठीक आहे, शिंका आणि खाकरणं गेलं. पण अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी, चर्चमधून परतल्यावर, बादू माझ्याजवळ येऊन बसला. थोडा प्यायला होता. म्हणाला, "वहिनी, तुमच्याशी बोलल्याशिवाय मास्टरांचा एक मंडप सरला नाही." मला कळेना. तो सांगायला लागला. बाबा दिवसभर कॅमेऱ्यामागून बोलायचे. माझ्याशी. "आफ्राकोमा, ही निळ्या टोपीवाली तुझी मैत्रीण बघ, अजून उधारी ठेवून नाचतेय." "आफ्राकोमा, इथला रस्सा खारट आहे." "आफ्राकोमा, पाठ धरली." "हा भाग सोड, काही घडत नाही, तू जाऊन पड जरा." पोरं त्यांना चिडवायची, मास्टर बायकोला डब्यात घालून फिरतात म्हणायची. बादूने एकदा विचारलंही होतं, वहिनी हे सगळं ऐकतात का? तर हसून म्हणाले, "छे, ती आवाज काढून टाकते. म्हणून तर बोलता येतं."

बादू हसत हसत सांगत होता. मीही हसले. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो उठून गेला.

बाबा कुठे कोसळले ते तुला ठाऊक आहे. म्हाताऱ्या बोआतेंगच्या बहिणीच्या अंत्यविधीत, शूटिंग चालू असताना. मी तिथे नव्हते, दुकानात आधीच्या आठवड्याचं काम संपवत होते. कॅमेरा आणि त्यातलं कार्ड मला दुसऱ्या दिवशी आणून दिलं. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कुलूप लावलं. पण त्यांना पुरल्यावर काही दिवसांनी बोआतेंग आला. दाराशी उभा राहिला, खुर्ची दिली तरी बसेना. म्हणाला, "बाई, मास्टर गेले, माझं डोकं चालत नाही. तोंड वर करून मागायला लाज वाटते. पण माझ्या बहिणीला काही पुन्हा मरता येणार नाही." बोलता बोलता त्यालाच हसू फुटलं आणि मग तो दाराला धरून रडला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. जावयाने आणलेल्या भेटींची ताटं डोक्यावर घेऊन बायकांची रांग मंडपात येते, ते शेवटच्याच तुकड्यात होतं. ते फिल्ममध्ये नसेल तर वर्षभराने लोक म्हणतील, जावई रिकाम्या हाताने आला होता. "ताटं तेवढी दाखव," म्हणाला, "बाकी काही नको."

मी कार्ड लावलं. प्रोग्रॅम उघडला. आवाजासमोरची चौकट रिकामी होती. बराच वेळ मी तिच्याकडे बघत बसले. खूण केली नाही. नेहमीसारखं मुकं चित्र बदलून घेतलं, नेहमीसारखी वाट बघितली. कसावा सोलला. खाणारं कोणी नव्हतं, तरी सोलला.

रांग फार सुंदर आली आहे. उजेड बायकांच्या तोंडावर, मागे लाल मंडप. तिसरी बाई कॅमेऱ्याजवळून जाताना ओठ दाबून हसू आवरते. बाबा काहीतरी बोलले असणार. मग चित्र खाली यायला लागतं. कॅमेरा पडला नाही, सेरवा. लोक सांगतात ते खोटं आहे. चित्र हळू हळू, सरळ खाली येतं आणि जमिनीवर टेकतं. त्यांनी तो खाली ठेवला. आधी कॅमेरा ठेवला, मग ते. त्यानंतर माती दिसते, एका बाईच्या चपला दिसतात, आणि डावीकडून त्यांचा हात येतो, घड्याळ घातलेला. बोटं थोडी हलतात. मग खूप पाय धावत येतात. कोणीतरी कॅमेरा बंद करीपर्यंत ते तसंच चालू आहे.

मी शेवटचं ताट मंडपात पोचतं तिथे कापलं आणि बोआतेंगला त्याची डिस्क दिली.

तो हात दिसतो तेव्हा ते काय म्हणाले, हे मला सगळ्यांनी सांगितलं आहे. बोआतेंग म्हणतो, त्यांनी पाणी मागितलं. त्याची सून म्हणते, देवाचं नाव घेतलं. ती तिसऱ्या ताटाची बाई मुद्दाम घरी आली, माझे हात धरून म्हणाली, "तुझं नाव घेतलं गं, मी स्वतः ऐकलं." बादूला विचारलं तर तो खाली बघून म्हणाला, "माझे स्पीकर मोठ्याने चालू होते, वहिनी, मला काही ऐकू आलं नाही." त्या सगळ्यांत खरं बोलणारा तोच एक वाटला. बाकीच्यांनी मला जे दिलं ते मयतीच्या घरी देतात तसं, हातात येईल ते.

डबीत ते कार्ड आहे. ते मी पुसलं नाही. तुझा लॅपटॉप नवा आहे, तुला काही बदलून घ्यावं लागणार नाही, तो हे जसंच्या तसं वाजवेल. त्यातले फोल्डर मोडू नकोस, नाहीतर तुकडे नीट लागत नाहीत. त्यांचा सबंध दिवस त्यात आहे, सकाळपासूनचा. खाकरणं, गुणगुणणं, मावश्यांना उजेडाकडे वळवणं. तू मागितलेला आवाज एवढाच उरला आहे आणि तो सगळा तुझा. मी इथे एक प्रत ठेवली आहे, पण मला त्या चौकटीत खूण करवत नाही. म्हणून तू ऐक. रांग येते तिथपर्यंत सावकाश ऐक, मग बस, आणि पुढचं ऐक. तो हात दिसतो तेव्हा ते काय म्हणाले ते मला लिहून पाठव. पाणी म्हणाले असतील तर पाणी लिही. काहीच बोलले नसतील तर काहीच नाही असं लिही. पण मला बरं वाटावं म्हणून आपल्या मनाचं काही जोडू नकोस, पोरी. इतकी वर्षं मी या घरात बसून चित्रांच्या तुकड्यांचं जोडकामच केलं आहे. जोड कुठे आहे ते मला लगेच दिसेल.

तुझीच,
आई