एका घरात दोन चुली

कार्डिफ, मंगळवार

प्रिय आई,

तुझा गुडघा कसा आहे? माझी काळजी करू नकोस. सांधे अजून सुजतात, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजारपणाचा भत्ता सुरू झाला. घरभाड्याची मदत मात्र अडकली आहे. गेथिन आणि मी वेगळे झालो, तरी दुसरी जागा मिळेपर्यंत तो मागच्या खोलीत राहतो.

काल भत्त्याच्या ऑफिसातून बाई तपासायला आल्या.

"त्याचं जेवण तू करतेस?"

"नाही."

"कपडे?"

मी सांगून टाकलं, मशीन अर्धं रिकामं होतं म्हणून रविवारी त्याचे दोन शर्ट धुतले.

"अगं पोरी, शर्ट मोजून कोण सांगतं?" त्या हसल्या, पण लिहून घेतलं.

एकमेकांचं जेवण-कपडे बघतो म्हणजे आम्ही जोडपंच आहोत असं ठरलं, तर त्याची कमाईही धरून मदत बंद होईल आणि घर सोडावं लागेल. निकाल शुक्रवारी आहे. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

विचारलं की खरं सांगायचं, हे तूच शिकवलंस. पण आज गेथिनला ताप आहे, भिंतीपलीकडे तो सारखा खोकतोय. मी एकच कप चहा केला आणि दार लावून प्यायले. हे बरोबर केलं का गं?

उत्तराची वाट बघणारी तुझी,
कॅरिस